रुमालाने धरलेली जागा

शनिवारची दुपार होती. दौलत माझ्यासमोर मांडी घालून बसला होता आणि माझ्या हलणाऱ्या पायाखाली लूमच्या जुन्या लाकडी धोट्याचा तुकडा ठोकत होता. भिवंडीतल्या एका कापड कारखान्यात तो लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करायचा. आमचे चर्च झाडणारी चंद्रा थांबून म्हणाली, “मामा, उद्या तरी येणार हाय का तुमची नर्सबाई? का परत रुमालच बसणार?”

“रुमाल बरा गं. तुझ्यासारखा बडबडत न्हाय,” दौलत हसला.

मित्रांनो, मी त्या चर्चमधला तिसऱ्या रांगेतला बाक. लूम ज्या खोक्यांतून आले, त्या खोक्यांच्या फळ्यांतून सुताराने मला घडवले. दौलतची मुलगी सुकन्या लहानपणी माझ्यावर बसायची. उपदेश लांबला की माझ्या कडेवर नखाने रेघा ओढायची. त्या रेघा अजून आहेत.

सुकन्या नर्स झाली, जवळच्याच कोन गावात राहायला गेली. तिचा देवावरचा विश्वास उडाला, पण वडिलांना ते सांगायचे तिला धाडस झाले नाही. “ड्युटी आहे, पप्पा,” एवढेच ती दर रविवारी फोनवर सांगे. अशी अकरा वर्षे गेली. दौलत मात्र शेजारी रुमाल टाकून तिची जागा धरायचा. कुणी बसू लागले की म्हणायचा, “पोरगी यायची हाय.”

दुसऱ्या दिवशी, रविवारी, उपासना चालू असताना दौलतची छाती दुखू लागली. माणसाचे वजन मला कळते. तो एकाएकी जड झाला. माझी फळी त्याच्या घामाने भिजली.

“सुकन्याला फोन लावा,” चंद्रा ओरडली.

“नको,” दौलत कसाबसा म्हणाला. “ड्युटीवर हाय ती.”

पाळक जीवन यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. “सगळे डोळे मिटा. प्रभू बरे करील.”

पाऊण तास डोळे मिटलेलेच राहिले. दारात रिक्षा उभी होती. मित्रांनो, मला चार पाय आहेत, पण चालता येत नाही. ज्यांना चालता येत होते, ते गुडघे टेकून बसले. माझ्या पायाला टेकू देणाऱ्या माणसाने माझ्यावरच प्राण सोडला. तेव्हापासून कुणी मला पुसायला आले की मला चीड येते. माझी निगा नंतर राखा. बाकावरचा माणूस आधी उचला.

महिन्याने सुकन्या चर्चमध्ये आली. उपासना संपली होती. चंद्राने धुऊन ठेवलेला रुमाल तिच्या हातात दिला. जीवन पुढे आले.

“सलाम, सुकन्या. दौलतभाऊंची प्रार्थना प्रभूने ऐकली बघ. लेकरू घरी परतले.”

“मी परतले नाही, पाळकसाहेब,” ती म्हणाली. “मी देव मानत नाही. आणि तुमची प्रार्थना रिक्षातही झाली असती.”

“तुला बोलावणार होतो गं. पण ते म्हणाले, तू ड्युटीवर...” जीवन म्हणाले.

सुकन्या मटकन माझ्यावर बसली, नेमकी त्या रिकाम्या जागी. तिने रुमाल शेजारी, दौलतच्या जागेवर पसरला. तिची नखे माझ्या जुन्या रेघांत रुतली.

“ड्युटी नव्हती, पप्पा,” ती मोठ्याने म्हणाली. “कधीच नव्हती. मी घरीच होते.”