पाठीच्या बाजूचा कप्पा

पट्टा तुटला तो ऐन कारखान्याच्या फाटकात. कर्रकन आवाज आला, आणि बारक्याने पाय पुढे घातला म्हणून बॅग जमिनीऐवजी त्याच्या नडगीवर आपटली. नडगी सोलली, कॅमेरे वाचले.

"लागलं का रे?" ताईने विचारलं.

"लेन्सला नाही."

"मी तुला विचारतेय, रेड्या!"

आता या गड्याला बारक्या कुणी आणि का म्हटलं, ते विचारू नका. दारातून आत यायचं तर आधी एक खांदा आत घालायचा, मग दुसरा, एवढं ते धूड. ताई त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी आणि त्याच्या अर्ध्याने. बहीणभावांचा फोटोचा धंदा. हा फोटो काढणार, ती लॅपटॉपवर उतरवून घेणार, निवडणार आणि पोचवणार. बावीस वर्षं झाली, आणि एक दिवस भांडणाशिवाय गेला असेल तर शपथ.

त्या दिवशीचं काम मात्र नेहमीचं नव्हतं. बंद पडलेल्या कारखान्याची दोन उंच धुराडी सुरुंग लावून पाडायची होती. पहिलं दुपारी एकला पाडलं. दुसरं दुसऱ्या दिवशी सकाळी पाडायचं होतं, आणि त्याच्या एका अंगाला होती चाळीस घरांची ओळ. कागदावर सगळं ठीक होतं. धुराडं सरळ मैदानात झोपणार, घरं रिकामी करायची गरज नाही. पण इंजिनियरबाई कागदावर विश्वासणाऱ्यातली नव्हती.

"पहिल्याने पडताना मध्येच पीळ खाल्ला का, ते मला बघायचंय," ती म्हणाली होती. "दोन्ही एकाच हातची आहेत. याने पीळ खाल्ला असेल तर तेही खाणार. पाचच्या आत फोटो हवेत. पाचला मी हो म्हटलं की सुरुंगवाला भोकं भरायला घेतो, मग मागे फिरता येत नाही."

म्हणून बारक्या पाण्याच्या टाकीच्या शिडीवर साठ पायऱ्या चढून बसला होता. एका सेकंदात दहा फोटो. बाकीच्यांनी खालून मोबाईलवर घेतलं, त्यात निव्वळ धुरळा. धुराडं पडतानाचं चित्र दुनियेत एकाच ठिकाणी होतं, बारक्याच्या दोन कार्डांत. ती लगेच लॅपटॉपवर उतरवायची, तर त्या लॅपटॉपची बॅटरी गेलेली. भिंतीला वायर लावल्याशिवाय डोळा उघडायचा नाही.

"साहेबिणीकडेच उतरवू," ताई म्हणाली. "वाटेत बॅग घेऊ. उद्या परत शिडी चढायचीय, हे गाठोडं काय काखेत मारून चढणार?"

अडीचला दोघं बॅगांच्या दुकानात. दुकानदारकाकांनी चष्म्यावरून बारक्याकडे पाहिलं, मग स्टुलाकडे पाहिलं, आणि स्टूल हळूच बाजूला ओढून घेतलं.

बॅग घ्यायची बारक्याची एक रीत होती. रिकामी बॅग पाठीला लावून आरशात बघणाऱ्यांची त्याला चीड. आपलं सगळं सामान भरायचं, पट्टे आवळायचे, जिना चढायचा, उतरायचा, मग बोलायचं. तसं त्याने आणि ताईने काउंटरवर सामान मांडलं आणि ताई मोजत भरायला लागली.

"कॅमेरे दोन. लेन्स चार. लॅपटॉप. वायर. फ्लॅश. दहा नग. चल, चढ."

"नऊच होतात, ताई."

"दहावा हा तुझा टॉवेल. घाम पुसायला."

पहिल्या बॅगेत लॅपटॉपचा कप्पा थेट तळाशी टेकत होता. ताईने बॅग जमिनीवर दाणकन ठेवली आणि कान लावला. "कोपरा वाजतो. नको." काकांचा चेहरा पडला. दुसरीचं तोंड पुढून उघडायचं, म्हणजे बॅग काढून चिखलात आडवी केल्याशिवाय कॅमेरा हाती यायचा नाही. तिसरी बरी होती. काळी, छातीवर पट्टा, कमरेला पट्टा. बारक्या दोनदा जिना चढून आला.

"कशीय?"

"पाठीला बरी. पण कमरेचा पट्टा माझ्या कमरेला पुरत नाही."

"पट्ट्याची काय चूक त्यात?" ताई म्हणाली. काका खोकल्यासारखं हसले.

चौथी तिसरीचीच थोरली बहीण निघाली. लॅपटॉप तळापासून दोन बोटं वर टांगलेला, कॅमेरा बाजूच्या तोंडातून हातात, पट्टा लांब. ताईने परत नऊ नग मोजून भरले, टॉवेल खांद्यावर टाकला. सव्वातीनला दोघं बाहेर.

पावणेचारला इंजिनियरबाईच्या खोलीत ताईने वायर लावली, लॅपटॉप सुरू केला आणि न बघता हात पुढे केला. "कार्डं."

बारक्याने पाठीच्या बाजूचा कप्पा उघडून हात घातला. मग दुसरा हात घातला. मग बॅग उलटी केली.

जुन्या बॅगेला तो कप्पा ताईनेच आतून शिवून दिला होता. कार्डांचं पाकीट त्यात, थेट पाठीच्या मणक्याला लागून. चालताना ते टोचत राहायचं आणि बारक्याला बरं वाटायचं. ताईच्या मोजदादीत कार्डं कधीच नसायची, कारण ती त्याच्या पाठीची जबाबदारी. बावीस वर्षं हे असंच चाललं होतं. आणि दुकानात तिसरी बॅग पाठीला बरी बसली तेव्हा त्याच्या हाताने आपण होऊन पाकीट तिच्या तसल्याच कप्प्यात सारलं होतं. बाहेर काढायचं काम मात्र हाताला कुणी शिकवलंच नव्हतं.

"तिसरीत," बारक्या म्हणाला. "ताई, तिसरीत राहिलं."

इंजिनियरबाई शेजारच्या खोलीत फोनवर बोलत होती. ताईने दार लोटून घेतलं आणि भावाचा दंड धरला. "पळ."

दुकानात शिरताना बारक्या दोन्ही खांदे एकदमच आत घालायला गेला आणि चौकटीवर आदळला. काका फळीवरच्या काळ्या बॅगा झाडत होते. बारक्याने एकेक ओढून कप्पे उलटेपालटे केले. चार बॅगा, चारही रिकाम्या.

"मी जिन्यावर नेलेली ती कुठाय?"

"ती मघाशीच गेली की," काका म्हणाले. "पोहायला शिकवणाऱ्या बाई आहेत, त्यांनी नेली. तुमचं बघूनच घेतली. म्हणाल्या, एवढा माणूस दोनदा जिना चढतोय म्हणजे बॅग पक्की असणार."

"फोन नंबर?"

नंबर होता, गॅरंटीच्या कागदावर. ताईने लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला, परत तेच. काकांनी घड्याळाकडे पाहिलं. "चार ते सहा त्या पाण्यात असतात."

"कुठल्या तलावावर?"

"ते नाही विचारलं, ताई."

गावात तलाव तीन. पहिल्यावर ताईने फोन केला, तिथे अशा बाई नव्हत्या. दुसऱ्याचा फोन कुणी उचलेना. तिसरा पार गावाच्या टोकाला, जाऊन यायला तासभर. घड्याळात पाचला बारा मिनिटं कमी, आणि तेवढ्यात ताईच्या हातातला फोन वाजला. इंजिनियरबाई.

ताईने फोन बारक्यापुढे धरला. बारक्याने तो तापलेल्या तव्यासारखा घेतला.

"कुठे गेलात हो दोघं? सुरुंगवाला माझ्यासमोर उभाय."

"बाई, कार्डं हरवलीयत. म्हणजे सापडतील, कुठे आहेत ते कळलंय. पण पाचच्या आत नाही."

ती म्हणाली, "बरं. तुम्ही टाकीवर होतात. डोळ्यांनी पाहिलंत ना? सरळ पडलं की पीळ खाल्ला, एवढंच सांगा. तुमच्या शब्दावर मी सही करते."

ताई ऐकत होती. तिने भावाकडे पाहिलं. एक शब्द टाकला की सुटका. सरळ. कुणाला कळणार होतं? सकाळी दुसरंही सरळ पडलं की कार्डांची कुणी आठवणसुद्धा काढली नसती, आणि बावीस वर्षांच्या नावाला डाग लागला नसता. बारक्याला धुराडं दिसतही होतं, डोळ्यांपुढे, आस्ते आस्ते झुकताना.

पण कसं झुकलं, हे त्याला ठाऊक नव्हतं. बाहेरच्याला हे सांगून पटत नाही. कॅमेऱ्याच्या भोकातून बघताना बटण दाबलं की आतला आरसा वर उडतो आणि डोळ्यापुढे अंधार होतो. ज्या क्षणाचा फोटो निघतो, नेमका तोच क्षण फोटोवाल्याला दिसत नाही. सेकंदाला दहा फोटो म्हणजे दहा वेळा अंधार. त्याला दिसली होती ती सुरुवात, आणि मग धुरळा.

"बाई," तो म्हणाला, "मी नाही पाहिलं."

"टाकीवर नव्हतात?"

"होतो. पण फोटो काढत होतो. तुम्ही सही करू नका."

"याचा अर्थ कळतो का तुम्हाला? चाळीस माणसं उद्यासाठी येऊन बसलीयत. मशीन उभंय. मी वर काय सांगू, फोटोवाल्याने कार्डं घालवली म्हणून?"

"तसंच सांगा. खरं तेच आहे."

फोन बंद झाला. बारक्या दुकानाच्या पायरीवर बसला, पायरी अख्खी भरली. ताई शेजारी उभी राहिली.

"सरळ म्हटलं असतंस तरी मी काही बोलले नसते," ती म्हणाली.

"माहितीये. म्हणूनच तुझ्याकडे बघितलं नाही."

सहाला पाच मिनिटं असताना पोहणाऱ्या बाईंचा फोन आला. "एवढे अकरा कॉल? कुणी बुडालंय का?"

बाई तिसऱ्या तलावावर होत्या. ओल्या केसांनी त्या फाटकात उभ्या होत्या, पाकीट हातात. "मला वाटलं कंपनीनेच काहीतरी टोचरं शिवलंय आत," त्या म्हणाल्या.

इंजिनियरबाईने दोघांना बसाही म्हटलं नाही. ताईने फोटो उतरवले आणि एकेक पुढे ढकलू लागली. धुराडं झुकलं. अजून झुकलं. सतराव्या फोटोत कंबरेतून मोडलं, आणि अठराव्यात वरचा अर्धा भाग मैदान सोडून एका बाजूला वळला होता. एकोणिसाव्यात तर चांगलाच. दुसऱ्या धुराड्याच्या त्या बाजूला घरं होती.

इंजिनियरबाईने एकोणिसावा फोटो मोठा केला, पट्टी घेतली, पडद्यालाच लावून मोजलं. मग अठरावा. मग पुन्हा एकोणिसावा. तिने फोन उचलला आणि सुरुंगवाल्याला म्हणाली, "भोकं भरलेली नाहीत ना? शाब्बास. घरी जा. आठवडाभर येऊ नकोस."

फोन ठेवून तिने बारक्याकडे पाहिलं. रागाने की कशाने, ते त्याला सांगता आलं नसतं.

"पुन्हा माझं काम घ्याल," ती म्हणाली, "तेव्हा कार्डं शर्टाच्या खिशात ठेवा."

"शर्टाच्या खिशाला भोक आहे याच्या," ताई म्हणाली, आणि पाकीट दहावा नग म्हणून स्वतःच मोजून बॅगेत भरलं.