तिसरा थेंब

डॉक्टर कुसाकांनी सादाएच्या हातावर तीन थेंब ठेवले आणि प्रत्येकातून सुई हलकेच टोचली.

"पहिला कालवांचा. दुसरा, कालवांच्या शिंपल्यांना चिकटून वाढतो ना, दाबला की चिळकांडी मारणारा जीव, त्याचा."

"आणि तिसरा?" सोबत आलेल्या नणंदेनं, फुकुयोनं विचारलं.

"तो कशाला, ते मग सांगतो."

पंधरा मिनिटं थांबायचं होतं. अंगाला एखादी गोष्ट वैरीण वाटली, तर तिच्या थेंबाखाली गांधी उठते, हे डॉक्टरांनी समजावलं होतं. सादाएला एवढंच कळलं होतं, की गांधी उठली तर कालवं फोडायच्या शेडमधली एकतीस वर्षांची जागा गेली. मालक दमेकरी बाईला ठेवत नसे. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर तिच्या सुरीवर चालायचं. बिचारी परीक्षेला बसल्यासारखी हाताकडे बघत होती.

"वहिनी, डोळे वटारून काय तो घाबरणाराय?"

"वन्सं, गप बसा हो."

वेळ संपली. हात कोरा करकरीत होता. सादाएनं सुटकेचा श्वास सोडला, त्यातही बारीक शीळ वाजली.

"पास झाले ना?"

डॉक्टर मात्र तिसऱ्या थेंबाची जागा निरखत होते.

"हा प्रत्येकाच्या हातावर उठतो. माझ्यासुद्धा. तुमच्या नाही उठला, म्हणजे तुम्ही गांधी दाबणारी सर्दीची गोळी घेऊन आलात. आता बाकीच्या दोघांवरही विश्वास ठेवता येत नाही."

सादाएनं बाही खाली ओढली. या वयात चोरी पकडली गेल्याची तिला लाज वाटली.

"आठवडाभर गोळी बंद करा, मग या."

"आठवडा? गोळीशिवाय एक टोपलीही फोडून होत नाही माझ्याच्यानं."

"दिली कुणी ती?"

फुकुयोनं पर्स उघडून गोळ्यांचं पाकीट टेबलावर ठेवलं. तिची थट्टा आता कुठल्या कुठे पळाली होती.

"माझ्याकडची आहे. आमच्या शेडमध्ये सगळ्याजणी घेतात."

डॉक्टरांचं पेन थांबलं.

"सगळ्या? न घेणाऱ्याही असतीलच की कुणी."

"होत्या," फुकुयो म्हणाली. "त्या घरी बसल्या."