केबिनमधली कोरडी हवा

आमच्या रोबोटचं नाव बेडूक. पहिल्याच दिवशी वळताना तो टुणकन उसळला आणि सुसाट घसरत टेबलाखाली गेला, म्हणून क्षिप्राने ते ठेवलं. क्षिप्रा नववीतली, बोलायला कमी आणि लिहायला जास्त. मी कल्पिता पाटील, डोंबिवलीतल्या तिच्या शाळेत विज्ञान शिकवते. तापट बाई म्हणून माझा लौकिक आहे आणि तो मला कुणी फुकट दिलेला नाही.

स्पर्धा ठाण्याला होती. जमिनीवर गुळगुळीत प्लास्टिकचे पत्रे, चाकंही आयोजकांनी दिलेली, कडक प्लास्टिकची. रबर लावायला बंदी. असल्या घसरगुंडीवर चेंडू उचलून टोपलीत टाकायचे आणि लाल रेषेच्या आत थांबायचं. संस्थेने आधीच सांगून टाकलं होतं की पहिल्या चारांत आलात तर प्रयोगशाळेमागची खोली तुमची, नाहीतर दिवाळीनंतर तिथे बालवर्ग. क्षिप्राच्या घरी एक खोली आणि पाच माणसं. बेडूक ठेवायचा तर याच खोलीत, नाहीतर कुठेच नाही.

तसाच एक पत्रा आणून आम्ही तिथे अंथरला. भिंतीवर आर्द्रतामापक टांगला. क्षिप्रा रोज त्याचा आकडा बघायची, मग तानकाटा अडकवून बेडकाला ओढायची, किती जोर लावल्यावर तो घसरतो ते वहीत लिहायची आणि सहीसाठी वही माझ्यापुढे धरायची. मी न वाचताच सही करायचे.

सप्टेंबरात एक दिवस सहीआधी तिने वही मागे घेतली. "बाई, दमट असलं की हा पकडतो. कोरडं असलं की सुटतो."

"डोंबिवलीत कोरडं कधी असतं गं? इथे पापड सुकत नाहीत."

"ठाण्याचा हॉल एसीवाला आहे ना पण."

मी वही ओढून घेतली आणि पहिल्यांदा नीट वाचली. पोरीचं बरोबर होतं. आमच्याकडची ओल आणि कारखान्यांकडून येणारी धूळ मिळून पत्र्यावर चिकट थर धरत होता आणि त्याच्याच जिवावर बेडूक शहाण्यासारखा थांबत होता.

"एसीत चार दिवस सराव मिळाला ना बाई, तर मी वेग बरोबर लावीन."

शाळेत एसी एकच, अध्यक्षांच्या केबिनमध्ये. अध्यक्ष म्हणजे देवरामशेठ. शाळेची जागा त्यांची. आणि ते माझे चुलत काका. गावातल्या एका वाटेवरून आमच्या दोन घरांचा आठ वर्षं अबोला. त्यांच्या मुलाच्या हळदीला अख्खा गाव नाचत होता, तेव्हा आम्ही दारं-खिडक्या लावून बसलो होतो. त्यांच्या सहीची पत्रंसुद्धा मी शिपायाच्या हातून घ्यायचे.

"विचारते," मी म्हटलं.

केबिनच्या दारापर्यंत गेलेसुद्धा. आतून त्यांचं खाकरणं ऐकू आलं आणि वडिलांचा चेहरा डोळ्यांपुढे आला. आपण कशाला तोंड वेंगाडायचं, असं म्हणत मागे फिरले.

"नाही म्हणाले," मी क्षिप्राला सांगितलं.

"बरं, बाई." तिने पुन्हा विचारलंही नाही. बाईंनी सांगितलं म्हणजे खरंच असणार.

ऑक्टोबरात ठाण्याचा हॉल गारेगार होता. क्षिप्राने पिशवीतून आर्द्रतामापक काढला. सत्तेचाळीस. आमच्या खोलीत काटा पंचाहत्तरच्या खाली कधी आलाच नव्हता. पहिल्या फेरीत बेडूक चेंडू घेऊन रुबाबात निघाला आणि लाल रेष ओलांडून थेट पंचांच्या पायांशी गेला. लोक हसले. क्षिप्राने अंदाजाने वेग कमी केला, दुसऱ्या फेरीत पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी वेग इतका कमी केला की टोपलीपर्यंत पोचायच्या आत घंटा झाली. चौदा संघांत आम्ही अकरावे. परत येताना ती बेडकाला मांडीवर घेऊन बसली होती. "माझंच चुकलं बाई, अंदाज नाही आला," म्हणाली. मला तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. मी तिला शेंगदाणे घेऊन दिले.

दिवाळीनंतर खोली रंगवली. बालवर्गासाठी नवा एसी बसवला. देवरामशेठनी नारळ फोडला, तेव्हा तो सकाळपासून चालू होता. त्या गर्दीत क्षिप्रा भिंतीवर परत टांगलेला आर्द्रतामापक न्यायला आली, तसा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"तुजाच व्हता ना गो त्यो बेडूक? कसा काय घसरला?"

"एसीत सराव नव्हता, आजोबा. तुमची केबिन मिळाली नाही ना."

"माजी केबिन?" शेठ चक्रावले. "मांगली कोनी? मांगली असती त चावीच दिली असती. पोरांना मी नाय बोलनार काय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. क्षिप्रानेही पाहिलं. उभ्या शाळेला फाडकन बोलणारी मी पदराला लागलेला रंग खरवडू लागले.

क्षिप्रा भिंतीकडे वळली. मापकाचा काटा वाचला. मग दप्तरातून वही काढून उभ्याउभ्याच काहीतरी लिहिलं.

"सत्तेचाळीस," ती म्हणाली.

माझा हात सवयीने सहीसाठी पुढे गेला होता. तिने वही मिटून दप्तरात टाकली, मापक खिळ्यावरून काढला आणि चपला घालून निघून गेली.