कप्तानचे रीळ

मित्रांनो, गळ टाकून मासे धरण्याची गोष्ट निघाली की लोकांना काठी आठवते, गळ आठवतो, आणि मासा तर हमखास आठवतो, तोही दर वेळी थोडा मोठा होऊन. रिळाची आठवण मात्र कुणी काढत नाही. मी ते रीळ. आता जुना झालो आहे. एका कडेचा रंग उडाला आहे आणि थंडीत फिरताना थोडा घरघरतो. पण तक्रार नाही. माझे बरे चालले आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे शेवटच्या टेबलावर एक बाई बसायच्या. त्या प्रत्येक रीळ कानाशी धरून फिरवत आणि नुसत्या आवाजावरून पास की नापास ते सांगत. मी पास झालो. शेजारचा एक नापास झाला, त्याला पुन्हा उघडले. तेव्हापासून मला स्वतःच्या आवाजाचा थोडा गर्व आहे, तो तुम्ही पोटात घाला.

माझे काम ऐकायला सोपे आहे. माझ्या फिरकीवर तंगुसाचा, म्हणजे नायलॉनचा, दोरा गुंडाळलेला असतो. काठी फेकली की दोरा सोडायचा, हँडल फिरवले की गोळा करायचा. खरी कसोटी मासा लागल्यावर असते. माझ्या डोक्यावर एक चावी आहे. ती फार आवळली तर मी दोरा सोडतच नाही, आणि मोठा मासा हिसका देऊन तो तोडून जातो. फार सैल ठेवली तर मासा सगळे तळे फिरून पाहुणचार घेऊन येतो. म्हणून मासा जोरात ओढेल तेव्हा थोडे सोडायचे आणि दमेल तेव्हा घ्यायचे. घर चालवणाऱ्या माणसांना हे वेगळे सांगावे लागत नाही.

दुकानात मी फार दिवस राहिलो नाही. एका सकाळी एक तरुण बाई तावातावाने आत आल्या. त्या बसच्या आगारात तिकिटांच्या खिडकीवर बसत आणि रांगेला अशी शिस्त लावत की सगळे त्यांना कप्तान म्हणत. त्यांच्या हातात समुद्रावर वापरायचे एक अगडबंब रीळ होते.

"हे घ्या तुमचं परत," त्या म्हणाल्या. "मनगट कामातून गेलं माझं."

"अहो, तळ्यातल्या बासला समुद्राचं रीळ कशाला?" दुकानदार म्हणाला. "मीच नको म्हणत होतो. तुम्ही म्हणालात, मोठं तेच द्या."

कप्तानांनी ते रीळ काउंटरवर ठेवले. बास म्हणजे आमच्या तळ्यातला हिरवट, मोठ्या तोंडाचा मासा. तो बुडालेल्या झाडांत नाहीतर कमळाच्या पानांखाली दबा धरून बसतो, आणि समोरून काही गेले की आधी गिळतो, मग विचार करतो. त्याच्यासाठी समुद्राचे रीळ नेणे म्हणजे मुंगीवर तोफ लावण्यातला प्रकार. दुकानदाराने मला एका मध्यम काठीवर बसवले, जिचे टोक लवचीक पण कंबर ताठ होती. मग त्याने कप्तानना ती काठी रिळाच्या जरा पुढे एका बोटावर तोलून धरायला लावली. काठी ना पुढे झुकली ना मागे.

"काठी आणि रिळाची जोडी अशी जमायला हवी," तो म्हणाला. "मग दिवसभर टाका, हात बोलणार नाही."

तशी आमची जोडी जमली आणि आम्ही कप्तानच्या घरी आलो. स्वयंपाकघराच्या दारामागे, छत्रीच्या शेजारी, आमची खुंटी. तिथून घरातले सगळे दिसते आणि ऐकूही येते.

पुढची वर्षे फार सुखात गेली. कप्तानकडे एक पत्र्याचा डबा होता, त्यात खोटी आमिषे. चकचकीत चमचा, ओठ पुढे काढलेला लाकडी मासा, पानांवरून उड्या मारणारा रबरी बेडूक आणि रबरी गांडुळे तर ढीगभर. नवशिके लोक स्वतःला जे सुंदर दिसते ते टाकतात. कप्तान आधी पाण्याकडे बघत. पाणी गढूळ असेल तर गडद रंगाचे आणि थरथरणारे, स्वच्छ असेल तर साधे. गारठ्यात मासा आळसावतो, तेव्हा अगदी सावकाश. आणि झाडाच्या मुळ्यांत टाकायचे असेल तर रबरी गांडूळ, गळाचे टोक त्याच्या पोटात लपवून, म्हणजे फांदीला अडकत नाही. "खायचं त्याला आहे, आपल्याला नाही," असे त्या म्हणत. घरी आल्यावर मला ओल्या फडक्याने पुसत, चावी सैल करत, मगच स्वतःचा चहा ठेवत.

मग कप्तानच्या मुलाचे लग्न झाले आणि सूनबाई घरात आल्या. मुलगा चष्मे बनवतो, सूनबाई शिवणकाम करतात. त्या डावखुऱ्या. त्यांनी माहेरून स्वतःची कात्री आणली होती, डाव्या हाताची. एकदा कप्तान त्या कात्रीने कापड कापायला बसल्या आणि कापड नुसते चावले गेले.

"बोथट आहे गं तुझी कात्री," कप्तान म्हणाल्या.

"बोथट नाही, आई. ती माझ्या हाताची आहे."

"कात्रीलाही कधी हात असतो का!" म्हणून कप्तान हसल्या. तसा त्यांचा स्वभाव वाईट नाही. पण घरातला पळा, किसणी, दाराची कडी, सगळे उजव्या हाताच्या सोयीचे होते, आणि सूनबाईंच्या हातून काही सांडले की "डावऱ्या हाताचं काम" असा शेरा ठरलेला. पहिल्या वर्षी त्या हौसेने तळ्यावर आल्या. माझे हँडल तेव्हा डाव्या बाजूला होते. उजव्या हाताने टाकणाऱ्याला ते बरोबर. सूनबाईंनी डाव्या हाताने काठी फेकली, मग हँडल फिरवायला काठी या हातातून त्या हातात घेताना दोरा सैल पडला आणि माझ्या फिरकीवर चिमणीच्या घरट्याएवढा गुंता झाला. कप्तानना तो सोडवता सोडवता दुपार झाली.

"राहू दे, हे तुझं काम नव्हे," त्या म्हणाल्या.

त्यानंतर सूनबाई तळ्यावर येत, पण थर्मास घेऊन काठावर बसायला. त्या सगळे बघत असायच्या.

गेल्या काही वर्षांतली गोष्ट. कप्तान निवृत्त झाल्या, आणि एके दिवशी त्यांचा उजवा खांदा धरला. हात खांद्याच्या वर जाईना. डॉक्टर म्हणाले, बरा होईल तेव्हा होईल, पण फेकाफेकी बंद. कप्तान घरी आल्या आणि खुर्चीत बसल्या. त्या कुणाला ओरडेनात. भाजीत मीठ जास्त पडले तरी बोलेनात. मुलगा घाबरला. मित्रांनो, या बाईला तळ्यापासून तोडले तर ती अशीच बसून राहणार, हे मला खुंटीवरून स्पष्ट दिसत होते आणि फार वाईट वाटत होते.

एके दिवशी त्यांनी शेजारच्या प्लंबरला हाक मारली. "रीळ, काठी, डबा, सगळं घेऊन जा. रविवारी ये." प्लंबरला आनंद झाला. मला झाला नाही.

देण्याआधी पुसून ठेवावे म्हणून सूनबाईंनी मला खुंटीवरून काढले. त्यांचे हात चौकस. माझ्या उजव्या बाजूला एक गोल टोपण आहे, ते त्यांनी बोटाने चाचपले.

"आई, हे टोपण कशाचं?"

"ते तसंच असतं. हात लावू नकोस."

टोपण हलेना. इतक्या वर्षांत ते कुणी उघडलेच नव्हते. सूनबाईंनी शिलाई यंत्राच्या तेलाचा थेंब त्याच्या कडेने सोडला आणि रात्रभर तसेच ठेवले. सकाळी जाड फडक्यात धरून पिळले तर ते निघाले. आत भोक होते, डावीकडे होते अगदी तसेच. त्यांनी डावीकडचे हँडल सोडवून उजवीकडे बसवले, टोपण डावीकडे लावले आणि फिरवले. मी फिरलो! मला स्वतःबद्दल एवढी माहिती नव्हती. माझा आनंद मलाच आवरेना.

सूनबाई मला घेऊन कप्तानच्या खुर्चीसमोर उभ्या राहिल्या.

"आई, डावा खांदा दुखतो का?"

"नाही. का गं?"

"मग डाव्या हाताने टाका. उजव्याने नुसतं हँडल फिरवायचं, त्याला खांदा वर न्यावा लागत नाही."

"डाव्या हाताने कोण टाकतं?"

"मी," सूनबाई म्हणाल्या. "तुम्ही टाकू दिलं असतंत तर."

कप्तान माझ्या हँडलकडे बघत राहिल्या. मग त्यांनी चपला शोधल्या.

घरामागच्या बोळात सराव सुरू झाला. दोऱ्याला गळ नाही, नुसते छोटे वजन, आणि पुढे एक बादली ठेवलेली. पहिली फेक पायाशी पडली. दुसरी भिंतीवर. तिसरी भिंतीपलीकडे गेली आणि प्लंबरच्या वाळत घातलेल्या पायजम्याला तीन वेढे घालून बसली. प्लंबरने भिंतीवरून डोके वर काढले.

"कप्तान, रीळ हातात देणार होतात ना? फेकून का देताय?"

तो हसला, सूनबाईही हसल्या. कप्तान मात्र हसल्या नाहीत. त्यांनी काठी भिंतीला टेकवली. "पुरे झालं. या वयात माझं हसं करून घ्यायचंय का? ज्याचं काम त्याने करावं."

"आई," सूनबाई म्हणाल्या, "शाळेत माझा डावा हात बाकाला बांधून मला उजव्याने लिहायला लावायचे. माझी अक्षरं अशीच भिंतीपलीकडे जायची. तेव्हा मलाही सगळे हसायचे."

कप्तान सुनेकडे वळल्या. इतकी वर्षे एका घरात राहून त्यांना ते माहीत नव्हते.

"बांधायचे?" त्यांनी विचारले.

"हो."

कप्तानांनी काठी पुन्हा उचलली. "काय चुकतंय माझं, सांग."

"मनगट आधी फिरतंय. कोपर अंगाशी ठेवा आणि दोरा जरा उशिरा सोडा."

कप्तानना कुणी काही शिकवतंय आणि त्या ऐकतायत, हे मी दुकान सोडल्यापासून पहिल्यांदाच पाहिले. संध्याकाळपर्यंत वजन बादलीत पडू लागले. रविवारी प्लंबर आला तेव्हा त्याला मी मिळालो नाही. इस्त्री केलेला पायजमा मिळाला.

त्याच आठवड्यात आम्ही तळ्यावर गेलो. काठाला एक झाड आडवे पडलेले आहे, त्याच्या फांद्या पाण्यात. कप्तानांनी रबरी गांडूळ लावले आणि डाव्या हाताने टाकले. ते झाडापासून हातभर अलीकडे पडले, पण पडले. त्या थांबल्या. दोरा हळूच एका बाजूला सरकू लागला. कप्तानांनी काठी मागे ओढली आणि टोक वाकले.

बास मोठा होता. मी दोरा सोडू लागलो, झर्रर आवाज करत. असा आवाज मी किती दिवसांनी केला! मासा मुळ्यांकडे निघाला. तिथे शिरला की दोरा तुटणार हे आम्हा सगळ्यांना माहीत होते. कप्तानचा डावा हात नवखा होता, आणि उजवा त्याच्या मदतीला वर येऊ शकत नव्हता. सूनबाईंनी हात पुढे केले.

"घेऊ का, आई?"

"नको!" कप्तान ओरडल्या. मग एकदम म्हणाल्या, "अगं, काठी कुठे वाकवू?"

"आडवी धरा, झाडापासून लांब. आणि चावी आवळू नका, जाऊ दे त्याला थोडं."

काठावर थर्मास घेऊन बसणाऱ्या बाईने इतकी वर्षे काही वाया घालवली नव्हती. कप्तानांनी काठी आडवी केली. मासा वळला, उघड्या पाण्यात आला, एकदा वर उसळला आणि दमला. मग कप्तान फिरवत राहिल्या आणि मी घेत राहिलो. काठाशी आल्यावर सूनबाईंनी वाकून त्याचा खालचा ओठ अंगठ्या-बोटाच्या चिमटीत धरला आणि त्याला उचलले. दोघींनी तो डोळे भरून पाहिला. मग गळ काढून पाण्यात सोडला, आणि तो शेपटी मारून गेला.

कप्तान दगडावर बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते, आणि त्या ते लपवत नव्हत्या. थोड्या वेळाने त्यांनी काठी सुनेपुढे धरली.

"धर. आता तू टाक."

"मी? गुंता होईल माझ्याकडून."

"झाला तर सोडवू. आणि होईल कशाला? हँडल तुझ्या बाजूला आहे आता."

सूनबाईंनी काठी डाव्या हातात घेतली. त्या घरातली इतक्या वर्षांतली ही पहिली वस्तू, जी त्यांच्या हाताला सरळ बसली. त्यांनी टाकले, आणि गांडूळ झाडाच्या दोन फांद्यांच्या बेचक्यात अलगद उतरले. मासा लागला नाही. कप्तानांनी मात्र अशी शीळ घातली की पलीकडचे बगळे उडाले.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंची काळजी घ्या. काम झाले की पुसून ठेवा, वर्षातून एकदा तेलाचा थेंब द्या, चावी आवळून ठेवू नका. आणि एखादी वस्तू कुणाच्या हाताला बसत नसेल, तर त्या हाताला नावे ठेवण्याआधी ती वस्तू जरा उलटून पाहा.

कप्तानचा खांदा पुढच्या वर्षी पूर्ण बरा झाला. आता त्या उजवा हात डोक्यावर नेऊन केस विंचरतात आणि भाजीतल्या मिठावरून सगळ्यांना ओरडतात. तळ्यावर दोघी आळीपाळीने टाकतात. हँडल पुन्हा डावीकडे बसवायचे का, असे सूनबाईंनी एकदा विचारले होते. कप्तान म्हणाल्या, "राहू दे."