गिऱ्हाइकाला सांगायचं माप

आमच्या दुकानाचा एक जुना नियम आहे. गिऱ्हाइकाचं माप मोठ्याने पुकारताना खरं पुकारायचं नाही. कंबर बेचाळीस भरली तर मास्तर टेपवर अंगठा दाबून म्हणतात, "चाळीस," आणि वही लिहिणारा गुपचूप बेचाळीस लिहितो. गिऱ्हाईक काडीपैलवान असेल तर उलट. छाती बत्तीस भरली की पुकारायची चौतीस. नेहमी दोनच इंच, म्हणजे लिहिणाऱ्याचा घोटाळा होत नाही. गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि कपडाही अंगावर बसतो. वहीत मात्र खोटं लिहायचं नाही. माणूस भीड ठेवतो, कापड ठेवत नाही.

मास्तर म्हणजे माझे यजमान. ते शिवतात, मी कापते. काजं-बटणं आणि वही सूनबाईकडे. मुलगा परगावी नोकरीला आहे. दुकान खाली, घर वर, मधे चौदा पायऱ्या. शाळांचे गणवेश हे आमचं मुख्य काम. तीस वर्षांत मी किती पोरांच्या पँटी कापल्या ते मोजलं नाही. पण बँकेत, बसमध्ये, कुठेही एखादा टकलू बाप्या भेटतो आणि मला वाटतं, याची हाफ पँट माझ्या हातून गेलेली आहे.

तर मला साधा खोकला झाला. साध्याचा ताप झाला, तापाचा न्यूमोनिया. बावीस दिवस दवाखान्यात, त्यातले अकरा घशात नळी घालून. त्या अकरा दिवसांतलं मला एकच आठवतं. उशाशी कुणीतरी मशीन चालवतंय, खाली कापड न घालता. रिकामं मशीन असं चालवलं की सुई खराब होते. मला ओरडायचं होतं आणि आवाज फुटत नव्हता. मागाहून कळलं, ते मला श्वास देणारं यंत्र होतं. बरं झालं ओरडता आलं नाही.

घरी आले तेव्हा मास्तरांनी आणि शेजारच्या सुताराने मला खुर्चीत बसवून चौदा पायऱ्या वर नेलं. सुतार म्हणाला, "वहिनी, तुमच्यापेक्षा खुर्ची जड आहे." त्याला विनोद करायचा होता. पण वजन चौदा किलोंनी उतरलं होतं, त्यामुळे तो विनोद काही झाला नाही.

हातपाय माझेच होते, पण उसने आणल्यासारखे. कप दोन हातांनी धरायचा. वेणी घालायला हात वर केले की मधेच खाली यायचे. बाथरूमपर्यंत नऊ पावलं. सहाव्या पावलाला दाराची चौकट धरून मी उभी राहायची आणि चौकटीशी माझी चांगली ओळख झाली.

आठवड्यातून दोनदा व्यायामवाली यायची. माझ्या सुनेपेक्षा लहान, पण बोलण्यात फौजदार. तिने पहिल्या दिवशी मला खुर्चीत बसवलं, हात छातीवर बांधायला लावले आणि म्हणाली, "काकू, हात न टेकता उठायचं, परत बसायचं. अर्ध्या मिनिटात किती वेळा होतं ते बघू."

दोन वेळा झालं.

"छान," ती म्हणाली.

"दोनला छान? तुझ्या शाळेत फार सढळ हाताने मार्क द्यायचे वाटतं."

"काकू, पडून राहिलं की मांडीचं मांस आधी जातं. जायला अकरा दिवस लागले, यायला महिने लागतील. दर रविवारी मांडीचा घेर मोजा, गुडघ्याच्या वर एक वीत, नेहमी त्याच जागी. आणि जोर लावताना श्वास कोंडायचा नाही, सोडायचा."

मोजायला घरात शिंपी होताच.

त्याच आठवड्यात माझी नणंद भेटायला आली. माझ्या पलंगावर बसून ती माझ्या डोक्यावरून मास्तरांशी बोलत होती. "खाते का रे ती? झोप लागते का तिला?"

"वन्सं," मी म्हटलं, "ती ऐकतेसुद्धा."

"तसं नाही गं वहिनी. पण आता कात्री खाली ठेव. पुष्कळ कापलंस. मरणाच्या दारातून आलीस, आता आराम कर."

मला या मरणाच्या दाराचा कंटाळा आला होता. जो तो मला त्या दाराची आठवण करून द्यायचा, जणू मी तिथे चप्पल विसरून आले होते.

ती गेल्यावर मास्तर म्हणाले, "ताई काही चुकीचं बोलली नाही. शाळा उघडायच्या आत सहाशे गणवेश द्यायचेत. एक कटर पाहिलाय, विजेच्या मशीनवर कापतो. त्याला तुझं टेबल देऊ."

"किती दिवस?"

ते टेप गुंडाळत राहिले. मी तीस वर्षं त्यांना ओळखते. उत्तर असतं तेव्हा ते टेप गुंडाळत नाहीत.

त्या टेबलाचं सांगते. कमरेच्या उंचीचं, माझ्याच कमरेच्या, कारण सुताराच्या वडलांनी मला शेजारी उभं करून ते बनवलं होतं. त्या टेबलाशी मी घरची सून नव्हते आणि कुणाची वहिनीही नव्हते. तिथे मास्तरसुद्धा मला विचारून कापड उचलायचे. ते गेलं असतं तर मी उरले असते ती पलंगावरची, खाते का, झोपते का.

म्हणून मी सौदा केला. "मांडी किती झाली की टेबल माझं?"

मास्तरांनी बराच विचार केला. "सतरा. आणि खुर्चीतून दहा वेळा उठलीस पाहिजे."

"ठरलं. तोवर कटर नको. तोवर तुम्हीच कापा, कितीही वाकडं कापा."

पहिल्या रविवारी मास्तरांनी पुकारलं, "सव्वापंधरा." सूनबाईने लिहिलं. मी रोज सकाळ-संध्याकाळ उठबस करू लागले. शाळेत गृहपाठ केला नाही म्हणून काढल्या नव्हत्या एवढ्या उठाबशा या वयात काढल्या. भिंतीला धरून टाचा उचलायच्या. पिशवीत धान्य भरून हात वर न्यायचा. काही दिवस नुसतं बसून रडायचे, तेही व्यायामवालीने वेळापत्रकात लिहून घेतलं. मांडी चढत गेली. साडेपंधरा, पावणेसोळा, सोळा. सातव्या आठवड्यात सव्वासोळा आणि खुर्ची सात वेळा. नवव्या रविवारी पावणेसतरा आणि खुर्ची नऊ.

दहाव्या रविवारी पावणेसतरा. अकराव्या रविवारी पुन्हा पावणेसतरा, पण खुर्ची दहा.

"मांडी काय रांगेत उभी आहे का?" मी म्हटलं. "पुढे का सरकत नाही?"

"होतं असं," मास्तर म्हणाले. "आणि बरं का, तो कटर उद्या येतोय. तात्पुरता. आता दिवस उरले नाहीत गं."

मी सूनबाईकडे पाहिलं. "वही दाखव जरा."

"आई, वही खाली राहिली," ती म्हणाली. वही तिच्या पाठीमागे होती, हे आरशात मला दिसत होतं. सासऱ्याची बाजू राखायला माझी सून खोटं बोलली, आणि ते तिला अजिबात जमलं नाही, याचं मला कौतुकच वाटलं. मग ती खरोखरच वही घेऊन खाली गेली.

दुपारी मास्तर झोपले. मी जिन्यापाशी आले. घरी आल्यापासून एकदाही उतरले नव्हते. पहिल्या पाच पायऱ्या कठडा धरून उतरले, पुढच्या सहा बसून, एकेक, लहान मुलं उतरतात तशी. शेवटच्या तीन पुन्हा उभ्याने, कारण खालच्या खिडकीतून रस्ता दिसतो आणि रस्त्याला मी दिसते.

दुकानात माझं टेबल मोकळं केलेलं होतं. वही मशीनवर होती. शेवटचं पान, सूनबाईचं गोल अक्षर: आई, मांडी. सव्वातेरा. साडेतेरा. पावणेचौदा. चौदा. नंतर सव्वाचौदा, साडेचौदा. नवव्या रविवारी पावणेपंधरा, दहाव्यालाही तेच. आज पावणेपंधरा खोडून बाजूला मास्तरांच्या अक्षरात पंधरा.

मी मास्तरांच्या स्टुलावर बसले. दोन इंच. काडीपैलवानाला देतात तेच नेहमीचे दोन इंच.

"तू खाली कशी आलीस?" मास्तर दारात उभे होते, चष्मा न लावता, अर्धवट झोपेत.

"पायांनी. थोडी बुडानेही. मी गिऱ्हाईक आहे का?"

त्यांनी वही पाहिली आणि समोरच्या मशीनवर टेकले. "तू खचशील असं वाटलं."

"मी खचले असते की नसते, ते मी बघितलं असतं."

त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "तू आत होतीस तेव्हा डॉक्टर रोज दारात येऊन मला आकडे सांगायचे. ऑक्सिजन इतका, रक्तात अमुक इतकं. सगळे खरे. एकही मला वापरता येत नव्हता. सातव्या दिवशी मी त्यांना म्हटलं, उद्यापासून जरा दोनने वाढवून सांगा. त्यांना वाटलं माझं डोकं फिरलंय."

मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. पण हात ठेवला म्हणजे सोडून दिलं असं नाही.

"दोन इंच दिलेत, ते माफ," मी म्हटलं. "पण आज पंधरा भरली. दुकानाच्या नियमाने तुम्ही किती पुकारायला हवं होतं?"

त्यांनी वही दूर सरकवली.

"सांगा ना."

"सतरा."

"तुम्ही पावणेसतरा पुकारलंत. पाव इंच चोरलात. सतरा म्हटलं तर टेबल द्यावं लागेल म्हणून."

"खरी तर पंधराच आहे," ते पुटपुटले.

"असं कसं? इतके दिवस खोटं चाललं ना? मग त्या खोट्यानेही मी जिंकले. आणि खऱ्याने पावणेदोन इंच मांस मी स्वतः कमावलंय, उठाबशा काढून. तुमच्या शर्टाला तर तीस वर्षांत पाव इंच कमी करता आलं नाही तुम्हाला."

ते पोटाकडे बघून हसले. तेवढ्यात मी उठले, हात न टेकता. खणातून कात्री काढली. तेल लावलेल्या फडक्यात गुंडाळून ठेवली होती. मी नसताना ती तशी कुणी ठेवली, ते विचारलं नाही.

पूर्वी मी बारा थर एकदम कापायची. चार घातले. फर्मा ठेवला, खडूने रेघ मारली, पोट टेबलाच्या कडेला टेकवलं आणि कात्री उघडली. पहिला काप अडकला. मग व्यायामवालीचं आठवलं. श्वास सोडत कात्री मिटली, घेत उघडली. कापड सुटत गेलं. मास्तर मागे खुर्ची धरून उभे होते.

"खुर्ची नेऊ का?" त्यांनी घाबरत विचारलं.

"राहू द्या. हट्ट माझ्याकडे आहे, म्हणून अक्कल गेली असं समजू नका."

दोनदा बसले. जे काम सहा मिनिटांचं, त्याला पाऊण तास लागला. मी कापलेले तुकडे मास्तरांनी उचलून एकावर एक ठेवले, कडा जुळवून पाहिल्या, उजेडाकडे धरून पाहिल्या.

"कसं आहे? खरं सांगा."

"वळणावर दोन सूत बाहेर गेलंय," ते म्हणाले. अकरा आठवड्यांत इतकं बरं मला कुणी काही सांगितलं नव्हतं.

सोमवारी कटर आला, खांद्यावर मशीन घेऊन, तिशीतला, घाईतला. मी त्याच्या आधी खाली आले होते. चौदा पायऱ्यांना साडेनऊ मिनिटं लागली. त्याने टेबलावर हात फिरवला आणि मास्तरांना म्हणाला, "पूर्ण लांबी लागेल मला. या मावशी कोण?"

"त्यांनाच विचार," मास्तर म्हणाले, आणि मशीनवर जाऊन बसले.

मी खडू घेतला आणि टेबलावर आडवी रेघ मारली, माझ्या बाजूला दोन हात जागा सोडून. "रेघेपलीकडे तुम्ही. खिसे आणि कॉलर इकडे, माझ्याकडे."

"मावशी, सहाशे नग आहेत. दोन हातांत काय होणार तुमचं?"

"आज चार थर होतील. पुढच्या आठवड्यात पाच."

त्याने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी सुईत दोरा ओवायला घेतला होता आणि तो त्यांना मुद्दाम ओवता येत नव्हता.

"आणि मला जागा कमी पडली तर?"

"तर तुम्ही सरकून घ्या," मी कात्री उघडत म्हटलं. "मी सरकणार नाही. सरकायला मला फार वेळ लागतो."