त्यांच्याआधी जेवले

लकवा मारला तेव्हा डॉक्टर म्हणाला, उजवी बाजू गेली, वाचा गेली, पण घास गिळता येतो, नशीब समजा. गिळता येणं निराळं आणि खाणं निराळं, हे त्याला कोणी शिकवलं नसावं. दवाखान्यातून घरी आल्यापासून माझ्या लेकाच्या, वैभवच्या बाबांनी तोंडच मिटून घेतलं. चमचा नेला की ओठ शिवल्यासारखे. पाणी तेवढं घ्यायचे, तेही मी दार लावून, पदर हनुवटीखाली धरून पाजलं तर.

जन्मभर हातमागावर बसलेला माणूस. आमच्या तांडापेठेत त्यांच्या लुगड्याच्या काठात कोणाला खोट काढता आली नाही, आणि पंगतीत त्यांच्या ताटाबाहेर कधी शीत पडलं नाही. दुसऱ्याचं पडलं तर असे बघायचे की त्याचा घास घशातच अडकावा. तो माणूस आता तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गाळत पडला होता. मी कोणाला बघू देईन? माझी नणंद शोभाताई जरीपटक्याहून भावाला भेटायला आली, तिलाही बैठकीतच चहा पाजून वाटेला लावलं.

"वैनी, भावाले पाहू तं दे."

"झोपले आहेत," म्हटलं. झोपले नव्हते. भिंतीकडे बघत होते.

त्या दिवशी सकाळी डॉक्टर पुन्हा आला. त्यानं त्यांचा दंड चिमटीत धरला, आणि तो चिमटीत मावला. म्हणाला, "उद्या सकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही तर भरती करा. नाकातून नळी टाकावी लागेल."

डॉक्टर जिना उतरल्यावर त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि मान हलवली. नळी नाही.

"मंग खा ना जी!"

त्यांनी तोंड मिटलं आणि पुन्हा भिंतीकडे वळले. नळी नको, घासही नको. मग काय पाहिजे, ते मला समजलं. समजलं म्हणूनच मी तिथेच खाटेचा खूर धरून बसले.

स्वयंपाकघरात सून भारती ताट वाढून उभी होती. "आई, तुम्ही तरी दोन घास खा. तुम्ही पडल्या तं आम्ही कोणाकोणाले पाहू?"

"मी पडत नाही. तू आपलं काम कर."

आमच्यात बाई नवऱ्याआधी ताटावर बसत नाही. ते उठले की त्यांच्याच ताटात वाढून घ्यायचं. लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांच्यासमोर मी घास तोंडात घातलेला नाही. आता ते जेवत नव्हते, म्हणून मी चहावर होते. उभं राहिलं की डोळ्यांपुढे काळं यायचं, पण ते सुनेला कशाला सांगा?

दुपारी नात आली, नूपुर, भारतीची पोरगी. इंजिनियरिंगला आहे, एवढंच मी लोकांना सांगते. ती कुठल्याशा मंडळीत जोकरगिरी शिकते आणि दर रविवारी आजारी लेकरांच्या वॉर्डात लाल नाक लावून फिरते, हे सांगत नाही. त्या दिवशीही नाक खिशात होतं.

"आजी, मी बसू आजोबापाशी?"

"बस. ते नाक बाहेर ठेव. माणूस मरून राहिला अन् तुले तमाशा सुचते?"

"तमाशा नाही वं. तू आजोबाले लपवून राहिली. दार लावते, लाळ आली का झटकन पुसते. त्याइले वाटत असंन, आपल्याले काही तरी घाणच झालं."

"मंग काय वाजतगाजत मिरवू?"

"आमचे सर सांगते, जोकर पडला तं लपवत नाही. पाहा पडलो, म्हणून दाखवते. मंग समोरच्याले आपल्या पडाची लाज राहत नाही."

"पडाचीही फी घेते काय तुहा सर?"

माझ्या तोंडापुढे आमच्या घरात कोणी टिकत नाही.

पण उन्हं कलली, आंबील दोनदा गरम करून दोनदा परत आणली, आणि माझ्यापाशी काही उरलं नाही. देव झाले, अंगारा झाला, शिव्याही देऊन झाल्या. मी नूपुरपुढे हात केला. "आण ते नाक."

नाक लावून आत गेले. टाळ्या वाजवल्या, माकडासारखं तोंड केलं, म्हातारे गुडघे वाकवून एक गिरकीही घेतली. मयतीत शिट्टी मारणाऱ्याकडे बघावं तसे ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी डोळे मिटले.

दारातून नूपुर म्हणाली, "आजी, हसवू नको. खरं जे होऊन राहिलं तेच कर."

"खरं हे होऊन राहिलं का मले भूक लागली!" मी ओरडले. रडू इतकं जोरात आलं की उभं राहवेना. स्टूल ओढलं, त्यांच्यासमोर बसले आणि त्यांच्यासाठी आणलेली आंबील भसकन आपल्याच तोंडात घातली.

अर्धी आत गेली, अर्धी हनुवटीवर. पदर उचलला, आणि तसाच सोडून दिला.

त्यांनी डोळे उघडले होते. नाकाकडे नाही, माझ्या चालत्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी ते कधी पाहिलंच नव्हतं. मग मीही माझा उजवा ओठ त्यांच्यासारखा लोंबू दिला आणि दुसरा चमचा घातला. सगळं पोलक्यावर आलं. तिसऱ्याला वाकले तर ते मेलं नाक सुटून वाटीत पडलं. मी ते बोटांनी बाहेर काढलं आणि तसंच गळतं, आंबट, पुन्हा जागेवर बसवलं.

त्यांच्या घशातून आवाज आला. मला वाटलं, दुसरा झटका. "नूपुर, धाव वं!"

"हसून राहिले आजी. पाहा तं!"

तोंड वाकडंच होतं, लाळ उशीवर, आणि पोट हलत होतं. मी घाई केली, लगेच चमचा त्यांच्या ओठांशी नेला. ओठ मिटले. संपलं, वाटलं. मी चमचा खाली केला तेव्हा त्यांनी तो डाव्या हातानं माझ्या बोटांतून ओढून घेतला.

स्वतः बुडवला, उचलला. थरथरत गालावर गेला. आंबील मानेवरून बनियनमध्ये उतरली. ते थांबले आणि पंगतीत दुसऱ्यांना बघायचे तशा नजरेनं त्यांनी स्वतःकडे पाहिलं. माझा हात पदराकडे गेला. मी तो मांडीखाली दाबून धरला.

"सांडू द्या जी," म्हटलं. "म्या काय कमी सांडली?"

पुढचा चमचा आत गेला. त्यांनी गिळला. गळ्याची घाटी वरखाली झाली, मी ती डोळे फाडून बघत होते.

माझं रडणं ऐकून भारती दाराशी आली होती, वैभवही दुकानातून येऊन तिच्यामागे उभा होता. दार सताड उघडं होतं. वाटी अजून अर्धी भरलेली, आणि सकाळी डॉक्टर येणारच होता. एवढ्यानं तो ऐकेल की नाही, मला काय ठाऊक? त्यांचा हात थकला होता. तरी त्यांनी चमचा भरला, लेकासुनेकडे एकदा पाहिलं, आणि वाट चुकत, सांडत, तो माझ्या तोंडाशी आणला. आता माझी पाळी होती.

मी तोंड उघडलं.