पूर्वेकडे पाय

तुझ्या पप्पांची पेटी खड्ड्यात टेकली, दोर ढिले झाले आणि तुझी आजी म्हणाली, "थांबा. उलटी ठेवलीय."

सगळ्यांचे हात तिथेच थांबले. तू माझ्या कडेवर होतीस, ओढणीचं टोक चोखत. मला वाटलं, मीच काहीतरी भलतं ऐकलं. आदल्या दिवसापासून सगळं भलतंच ऐकू येत होतं. सकाळी डबा घेऊन इच्छापोरला कामावर गेलेला माणूस शेडचा पत्रा बदलताना खाली पडतो, आणि दुपारी कुणीतरी फोनवर विचारतं, "आप ललितभाई की वाइफ बोल रही हो?" त्या प्रश्नानंतरचं काही माझ्या आत शिरलंच नव्हतं. रात्रभर शेजारच्या बायका एकमेकींना सांगत होत्या, चंचलला रडवा गं कुणीतरी. मला काही रडू येत नव्हतं.

"पाय पूर्वेकडे पाहिजेत," आजी म्हणाली. "क्रूस बघा कुठंय. डोकं पूर्वेला गेलंय."

झाकणावर डोक्याच्या बाजूला क्रूस ठोकलेला होता. तो खरंच उन्हाच्या बाजूला होता. सकाळचं ऊन दफनभूमीच्या भिंतीवरून नुकतंच आत उतरत होतं.

खड्डा खणणारे रमणभाई कपाळ पुसत म्हणाले, "बा, अहीं तो बधा गमे तेम सूता छे."

"झोपू द्या की कसंही. मी उठायचं बोलतेय. येशू पूर्वेकडून येणार ना."

मारुतीमामा पुढे आले. तुझ्या पप्पांना जालन्याहून सुरतेला आणलं ते त्यांनीच, चर्चच्या मंडळीत त्यांच्या शब्दाला मान. म्हणाले, "कलाबाई, देवाला काय दिशा कळत नाही? तो घेईल फिरवून."

"देवाला कळते हो. ह्याला कळत नाही. झोपेतून उठला की घडीभर बावळटच असतो. दाराऐवजी कपाटाकडं चालायला लागतो. लहानपणी असाच उठला आणि अंगणातल्या हौदात पडला. आता तोंड गेटाकडं आलंय. उठला की तसाच कामावर जायला निघेल."

मागे कुणीतरी हसलं आणि हसू गिळलं.

मला खरा धक्का बसला तो इथे. पप्पांच्या मरणाचा अजून बसायचाच होता.

मी डिंडोलीच्या खान्देशी घरातली. आमच्यात माणूस जळतो, राख तापीत सोडतात, हात जोडतात आणि मागे न बघता घरी येतात. लग्नासाठी मी बाप्तिस्मा घेतला. पाणी थंडगार होतं एवढंच आठवतं. दर ईस्टरला नवी साडी नेसून गाणी म्हटली, जशी सणाला म्हणतात तशी. पुनरुत्थान हा शब्द मला भिंतीवरच्या कॅलेंडरवरल्या वचनासारखा होता. तारीख बघायची, वचन कोण बघतं. मला वाटायचं, सगळ्यांचं तसंच असणार. आणि ही बाई, जिचा घसा रात्रभर रडून बसला होता, ती मुलगा कुठे तोंड करून उठेल याची सोय बघत होती. तिला ते खरंच वाटत होतं. कॅलेंडरवरचं नाही. इथलं, ह्या खड्ड्यातलं.

पाळकसाहेबांनी घड्याळ पाहिलं. बाहेर दुसरी अंत्ययात्रा येऊन थांबली होती. ते मला म्हणाले, "ताई, तुम्ही पत्नी आहात. तुम्ही म्हणाल तसं करू."

माझा भाऊ, तुझा दीपकमामा, माझ्या कानाशी आला. "ऱ्हाऊ दे वं ताई. एक डाव ठेयेल माणूसले कोनी बाहेर काढस का? आते काय फरक पडस?"

तो चिडून नव्हता बोलत. बहिणीला उन्हातून घरी न्यायचं होतं त्याला, एवढंच. पण प्रश्न त्याने बरोबर विचारला होता. ललित संपला असेल तर काहीच फरक पडत नव्हता. इतक्या माणसांना कशाला ताटकळत ठेवायचं? आणि फिरवा म्हणायचं तर आजीचं मन राखायला म्हणता येणार नव्हतं. ती माझ्याकडे बघतही नव्हती. खाली पेटीकडे बघत होती.

मीही पाहिलं. आणि मला तो दिसला, रोज सकाळचा: केस उभे, डोळे अर्धे मिटलेले, कपाटाच्या दाराशी उभा राहून "चंचल, मोरी कुठं गेली?" विचारणारा. आजी खोटं बोलत नव्हती. असा उठणारा माणूस मलाही माहीत होता.

"फिरवा," मी म्हणाले.

दोर ताणले गेले. दीपकमामाला माझा राग आला होता, तोंडावरून कळत होतं. तरी त्यानेच चपला काढल्या आणि एक दोर धरला. आधी काही हललं नाही. मग पेटीचं एक टोक वर आलं, तिरकं, कडेची ढासळलेली माती झाकणावरून घरंगळत खाली. भीतीच वाटली मला, खोटं कशाला सांगू. पुरलेलं माणूस मी जमिनीतून वर येताना बघत होते. दोरांवर, घामाघूम झालेल्या माणसांच्या कण्हण्यावर, पण वर. तू ओढणी तोंडातून सोडलीस आणि एकटक बघत राहिलीस. आता क्रूसही उन्हात आला.

त्यांनी पेटी काठावर फिरवली आणि हळूहळू पुन्हा खाली सोडली. दीपकमामा धापा टाकत माझ्याकडे वळला. "बरोबर से का आते?"

आजी बोलेल म्हणून मी थांबले. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"हो," मी म्हणाले. "आता उठला की येशूच दिसेल त्याला समोर."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. कुणी हसलं नाही. मारुतीमामांनी टोपी काढली. मला तेव्हा रडू फुटलं, मोठ्याने, नाकातोंडातून, थांबवता न येणारं.

आजीने डोळे पुसले नाहीत माझे. तिने फक्त तुला माझ्या कडेवरून उचलून घेतलं, म्हणजे मला दोन्ही हातांनी माती घालता येईल.